आपल्याच गावात पाहुणी

वाचकाचं पत्र

माझं वय ५२. जन्म इथलाच, लग्नही गावातल्या गावात झालं, त्यामुळे हे गाव सोडून मी कधी कुठे राहिलेच नाही. २२ वर्षांपूर्वी वस्ती ८,००० च्या आसपास होती, आज ३२,००० झाली आहे. बाहेर कारखाने आले, रस्ता रुंद झाला, आमच्या घरासमोरच्या मोकळ्या मैदानावर चार मजली इमारत उभी राहिली. मागचा ओढा बुजवून तिथे प्लॉट पाडलेत.

गेल्या महिन्यात एका कार्यालयात खिडकीवरच्या मुलाने मला विचारलं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ त्याचं काही चुकलं नाही, पण मी घरी येऊन रडले.

समोरच्या इमारतीतली एक बाई आमच्या फाटकासमोर गाडी लावते. एकदा मी तिला सगळ्यांदेखत नको ते बोलले. ‘तुम्ही बाहेरून आलेल्यांनी गावाची वाट लावलीत’ असंही म्हणाले. तेव्हापासून आम्ही रोज समोरासमोर येतो आणि मान वळवतो. मला तिचं नावही माहीत नाही.

यजमान म्हणतात, भाव आहे तोवर घर विकू आणि दहा किलोमीटरवरच्या खेड्यात जाऊ. मुलगा म्हणतो, आई, तुला बदल सोसतच नाही. सुनेला इथेच नोकरी मिळाली म्हणून ती दोघं आमच्याजवळ आहेत, हेही खरं. मी काय करू? आणि माझं मन एवढं लहान कधी झालं?

— आपल्याच गावात पाहुणी

उत्तर

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुम्हाला पटलं नाही तर पुढचं सगळं वाया जाईल. तुमचं मन लहान झालेलं नाही. खिडकीपाशी तुम्हाला जे झालं ते कुणालाही झालं असतं. अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, कोपऱ्यावरच्या घरातली, यातलं काहीच जिला कधी तोंडाने सांगावं लागलं नाही, तिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या गावात ‘मी इथलीच’ असं सांगावं लागतं. घरी येऊन रडणं यात कमीपणा काही नाही.

पण त्या खिडकीपाशी नेमकं काय हरवलं, ते नीट पाहायला हवं. थोडा हिशेब मांडते. समजा तुम्ही ८०० माणसांना चेहऱ्याने आणि नावाने ओळखता. गाव ८,००० चं होतं तेव्हा रस्त्यात दिसणाऱ्या दर दहा माणसांत एक तुमच्या ओळखीचं होतं. आजही तीच ८०० माणसं ओळखीची आहेत असं धरलं, तर ३२,००० च्या गावात चाळिसांत एक. म्हणजे ओळखीचं एकही माणूस गेलेलं नाही, आणि तरीही ज्या वाटेवर चार वेळा थांबून बोलणं व्हायचं तिथे आता एकदा होतं. एखाद्या दिवशी तेही नाही. खिडकीवरचा तो मुलगा उरलेल्या एकोणचाळिसांतला होता, इतकंच. तुमची माणसं आहेत तिथेच आहेत, गर्दीत पांगली आहेत. ती आता वाटेत आपोआप सापडणार नाहीत, त्यांच्याकडे उठून जावं लागेल. हे काम तुम्हाला पूर्वी कधी करावंच लागलं नव्हतं, आणि बावन्नाव्या वर्षी ते नव्याने शिकायचं म्हणजे जिवावर येतं, हे मला कळतं.

या दुःखाला एक नावही आहे. ग्लेन आल्ब्रेख्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००३ मध्ये ‘सोलास्टॅल्जिया’ असा शब्द तयार केला. उघड्या कोळसा खाणींनी वेढलेल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांचं बोलणं ऐकून त्याला तो सुचला. घर सोडून गेलेल्या माणसाला घराची ओढ लागते हे आपल्याला माहीत आहे. या लोकांनी घर सोडलेलंच नव्हतं. भोवतालचं ओळखीचं सगळं उठून गेलं होतं आणि त्यांना राहत्या घरात घराची ओढ लागली होती. तुमच्या समोर खाण नाही, चार मजली इमारत आहे, पण सकाळी दार उघडल्यावर जिथे मैदान दिसायचं तिथे भिंत दिसते तेव्हा पोटात जे तुटतं ते त्याच जातीचं आहे. मुलाला एकदा हे सांगा. ‘मला बदल नको’ असं तुम्ही म्हणत नाही आहात, ‘माझं काहीतरी गेलं’ असं म्हणता आहात. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, पण वैतागाच्या भरात बोलली की ऐकणाऱ्याला ती एकच वाटतात.

आता तुमचं जे गेलं ते नुसत्या मनाच्या समाधानापुरतं होतं, असंही समजू नका. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ विल्यम फ्रॉइडनबर्ग यांनी १९८६ साली झपाट्याने फुगणाऱ्या लहान गावांविषयी लिहिताना एक मोलाची गोष्ट मांडली. गावातले किती टक्के लोक एकमेकांना ओळखतात, हे त्यांनी मोजायला घेतलं. त्याला आपण ओळखीची दाटी म्हणू. ही दाटी विरळ झाली की तीन कामं अडतात, असं त्यांचं सांगणं होतं: वावग्या गोष्टींवर नजर ठेवणं, पोरांना वळण लावणं आणि दुबळ्यांची काळजी घेणं. ही कामं कुणी ठरवून करत नव्हतं. नेमलेला माणूस नाही, पगार नाही, वेळापत्रक नाही. शाळा सुटल्यावर मूल भलत्या रस्त्याला लागलं तर कुणीतरी हाक मारायचं, कारण त्याला ते कुणाचं मूल हे माहीत असायचं. म्हाताऱ्या माणसाची खिडकी दुपारपर्यंत उघडली नाही तर शेजारी कडी वाजवायचा. आज ती खिडकी दोन दिवस बंद राहिली तरी समोरच्याला वाटतं, गावाला गेले असतील. त्याच्या मनात वाईट काही नसतं. खिडकी रोज कधी उघडते हेच त्याला माहीत नसतं.

म्हणून तुमच्या रडण्यात गावाच्या भल्याचीही एक गोष्ट आहे. ती नुसती तुमची खाजगी हळहळ नाही.

पण ताई, याच दाटीची दुसरी बाजूही तुम्ही जाणता. पत्रात ती नाही, म्हणून मी काढते. जी नजर मुलांना सांभाळायची तीच नजर कोण कुणाशी बोललं, किती वाजता परतलं, माहेरी किती दिवस राहिलं, याचा हिशेब ठेवायची. मन शांत ठेवून आठवा, ८,००० च्या त्या गावातून कोण कोण निघून गेलं? नवरा सोडून आलेली एखादी, लग्न न केलेली एखादी, चारचौघांसारखा नसलेला एखादा मुलगा. गाव वाढल्यामुळे तुमच्याकडून जे गेलं तेच कुणाच्या तरी मानेवरचं ओझं होतं. तुमच्या सुनेला कधी निवांत विचारा. संध्याकाळी एकटीने चालत जाताना आपल्याला कुणी ओळखत नाही, याचं सुख तिला असेल आणि ते तिने तुम्हाला सांगितलंही नसेल. जुनं गाव जसंच्या तसं परत यावं असं मला वाटत नाही. त्यातली हाक मारणारी नजर राहावी आणि हिशेब ठेवणारी जावी, असं मात्र फार वाटतं. निदान एका गल्लीपुरतं तरी ते जमू शकतं, हे मी अनुभवलं आहे.

कारण मी स्वतः एकेकाळी समोरच्या इमारतीतली बाई होते.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. बदलीमुळे अशाच एका वाढत्या गावात गेलो. नवी इमारत, तळमजला, दोन खोल्या. आमच्या आधी तिथे काय होतं हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं सुचलंही नाही. गल्लीत आमच्या इमारतीचं नाव ‘नवी इमारत’ आणि आमचं नाव ‘नव्या इमारतीतले’. आठ महिन्यांत एकाही जुन्या घरातून कुणी बोललं नाही. मला वाटायचं, ही माणसं आखडू आहेत. त्यांना वाटत होतं, आम्ही आखडू आहोत. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी शेजारच्या जुन्या घरातल्या आजी आल्या. सत्तरीच्या असतील. हातात कोळशाचा तुकडा. आत आल्या, बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. भिंतीपाशी गेल्या, बाहेरच्या पायरीकडे एकदा पाहिलं, मनाशी काही मोजलं, आणि गुडघ्याच्या थोडं वर भिंतीवर आडवी रेघ ओढली. माझी नवी रंगवलेली भिंत! मी काही बोलणार तोच म्हणाल्या, ‘मागच्या पुरात पाणी इथवर होतं. ही इमारत होण्याआधी इथे माझा गोठा होता, म्हणून मला माहीत. कागदपत्रं, गाद्या, काय असेल ते याच्या वर ठेव.’ दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, ‘नाव काय गं तुझं?’

तिसऱ्या पावसाळ्यात पाणी आलं. रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. माझ्या लग्नाआधीच्या पत्रांपासून मुलीच्या जन्मदाखल्यापर्यंत सगळं रेघेच्या वर होतं. पुढे भिंतींना रंग काढला तेव्हा मी रंगाऱ्याला ती रेघ तेवढी सोडायला लावली. आजींच्या गोठ्यावर माझं घर उभं होतं. माझ्याकडे पाहून त्यांना रोज काय वाटत असेल, याचा विचार मी आज तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा केला. तरीही त्या आल्या. त्यांच्याकडे जे होतं ते गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि ते ज्याला हवं होतं त्याच्या भिंतीवर त्या ते देऊन गेल्या.

तुमच्याकडेही तेच आहे. तुम्हाला तो ओढा माहीत आहे.

त्या प्लॉटवर घर बांधायला निघालेल्या किती जणांनी तो ओढा वाहताना पाहिला असेल? त्यांनी पाहिली ती सपाट केलेली जमीन आणि चुन्याच्या रेघा. ओढा बुजला म्हणून त्याचं पाणी बुजत नाही, ते जुन्या वाटेनेच यायला बघतं. शिवाय आता ते पूर्वीपेक्षा जास्त येणार. झाडं-गवत असलेल्या जमिनीवर पडलेल्या पावसाचं साधारण १० टक्के पाणी वरून वाहून जातं, बाकीचं मुरतं किंवा वाफ होऊन जातं. तीच जमीन तीनचतुर्थांशाहून जास्त छपरांनी, काँक्रीटने आणि डांबराने झाकली गेली की वाहून जाणारं पाणी ५५ टक्क्यांच्या घरात पोचतं. पाऊस तेवढाच, पाणी पाचपट, आणि ज्या ओढ्यातून ते जायचं तो नाही. ‘पूर्वी या चौकात कधी पाणी तुंबत नव्हतं’ असं वाढत्या गावात लोक म्हणतात, ते यामुळेच.

तेव्हा एक मोठा कागद घ्या. घरातल्या कुणाला तरी गावाचा सध्याचा नकाशा त्यावर छापून आणायला सांगा. त्यावर निळ्या पेन्सिलीने ओढा कुठून कुठे जात होता ते काढा. मोरी कुठे होती, काठ कुठे उंच होता, कुठल्या साली पाणी कुणाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, तेही लिहा. आठवत नसेल तिथे जागा सोडा आणि गावातल्या तीन-चार जुन्या माणसांकडे तो कागद घेऊन जा. मघाशी म्हटलं ना, आपल्या माणसांकडे आता उठून जावं लागेल. जायला हे चांगलं निमित्त आहे. म्हातारी माणसं अशा कागदावर तुटून पडतात. एकाला आठवलं की दुसऱ्याला सुचतं, दोघांचं भांडण होतं, आणि त्या भांडणातून खरी जागा सापडते.

मग त्याच्या प्रती काढा. एक नगरपालिकेच्या बांधकाम विभागात अर्जासोबत द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर ते वाऱ्यावर जाईल. एक प्रत प्लॉट घेतलेल्यांना द्या. गावाचा विकास आराखडा निघतो तेव्हा हरकती आणि सूचना देण्यासाठी मुदत असते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली ती सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि मुदत संपल्यावर आरडाओरडा सुरू होतो. तुमच्या सुनेला किंवा मुलाला त्यावर लक्ष ठेवायचं काम द्या. हरकत देताना ‘गावाची वाट लागली’ असं लिहू नका. ‘अमुक गटातून अमुक दिशेने ओढा वाहत होता, अमुक साली पाणी एवढं चढलं, सोबत नकाशा जोडला आहे’ असं लिहा. अभियंत्याला वाट लागल्याचं काही करता येत नाही, ओढ्याच्या नकाशाचं करता येतं.

हे आत्ताच का, तेही सांगते. इमारती पन्नास-साठ वर्षांत पडतात, पुन्हा बांधल्या जातात. रस्ते आणि हद्दी मात्र एकदा पडल्या की हलत नाहीत. १६६६ मध्ये लंडन शहराचा मोठा भाग जळून गेला. रुंद, सरळ रस्त्यांचे सुंदर नकाशे तयार झाले, पण लोकांनी आपापल्या जागेच्या हद्दी सोडल्या नाहीत, आणि शहर बहुतांशी जुन्याच वाकड्यातिकड्या वाटांवर पुन्हा उभं राहिलं. तुमच्या गावाच्या कडेला आज जो तो आपापल्या तुकड्याचे प्लॉट पाडतो आहे. प्रत्येकाचा आतला रस्ता त्याच्या कुंपणापाशी संपत असेल, शेजारच्या रस्त्याला जोडलेला नसेल. दहा वर्षांनी या सगळ्या बंद गल्ल्यांतली वाहनं एकाच मोठ्या रस्त्यावर ओतली जातील आणि मग तिथल्या कोंडीचं खापर बाहेरून आलेल्यांवर फुटेल. हे रस्ते एकमेकांना जोडा, पायी चालायला कडेला जागा सोडा, उरलेलं एखादं मैदान कुणाच्या नावावर जाऊ देऊ नका, एवढंच मागायला आज थोडी माणसं पुरतात. उद्या तिथे भिंती उभ्या राहिल्यावर कुणीच पुरणार नाही.

गाव मोठं झालं म्हणजे बिघडलंच, असंही नाही हो. तुमचा आकडा वाचून मला एक गोष्ट आठवली. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली आदर्श नगराची कल्पना मांडली. शहराच्या सोयी आणि खेड्यातली मोकळी हवा दोन्ही मिळावं, म्हणून नगराची वस्ती किती असावी? त्यांनी ठरवलेला आकडा होता ३२,०००. त्यात एक अट होती. भोवती शेती आणि मोकळी जमीन कायम राहायची, आणि वस्ती भरली की पुढची माणसं त्याच गावात न कोंबता वेगळं नगर वसवायचं. तुमचं गाव आज बरोबर त्या आकड्यावर आहे. सुनेला नोकरी मिळते, दवाखाना जवळ आला असेल, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अजून चालत जाता येत असेल. भोवतालची मोकळी जमीन राखता आली तर हे राहण्याजोगं गाव आहे.

आता घर विकण्याचं.

२२ वर्षांत ८,००० चे ३२,००० झाले, म्हणजे तुमचं गाव दर ११ वर्षांनी दुप्पट होत आलं. वर्षाला सहा-साडेसहा टक्क्यांची वाढ. वर्षावर्षाला ती डोळ्यांत भरत नाही आणि एक दिवस मैदान नाहीसं झालेलं दिसतं. याच वेगाने गेलं तर आणखी ११ वर्षांत ६४,००० होतील, आणि ती माणसं राहायला कुठे जातील? दहा किलोमीटरवरच्या खेड्याच्या दिशेनेच. तुम्ही तिथे साठीला टेकत असाल तेव्हा तेच चित्र पुन्हा सुरू होईल, आणि या वेळी ओढा कुठे होता हे तुम्हाला माहीत नसेल. शिवाय त्या खेड्यात पहिल्या दिवसापासून बाहेरून आलेल्या तुम्ही असाल. तिथल्या कुणाच्या तरी फाटकासमोर सामानाचा टेंपो उभा राहील.

जाऊच नका असं मी म्हणत नाही. यजमानांना आवाजाचा, धुराचा त्रास होत असेल, झोप लागत नसेल, गुडघ्यांमुळे रहदारीतून रस्ता ओलांडणं जमत नसेल, तर ती जाण्याची चांगली कारणं आहेत. पण मग ती कारणं म्हणून टेबलावर मांडा, आणि दवाखाना किती दूर, सून-मुलगा आठवड्यातून किती वेळा येऊ शकतील, हेही त्यांच्यासमोर मांडा. रुसून घर विकू नका. रुसवा ओसरतो, खरेदीखत परत फिरत नाही.

एक वर्ष थांबा. हे नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही. अमेरिकेतल्या यूटा आणि वायोमिंग राज्यांतल्या चार गावांवर मायकेल स्मिथ, रिचर्ड क्रॅनिच आणि लोरी हंटर यांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी त्या गावांकडे बरीच वर्षं पाहिलं होतं. वाढीच्या लाटेत लोकांचा एकमेकांवरचा विश्वास आणि गावाविषयीचं समाधान घसरलं, आणि लाट ओसरल्यावर पुष्कळ अंशी सावरलं. तिथली लाट ओसरली होती, हा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. तुमच्याकडे ती अजून चालू आहे. म्हणूनच वर्ष म्हणते आहे, दहा वर्षं नाही. या वर्षात वर सांगितलेलं काम करून पाहा, आणि तरीही सकाळी दार उघडताना पोटात तेवढंच तुटत असेल तर यजमानांशी पुन्हा बसा.

राहिली ती फाटकासमोरची गाडी. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला वाटतं तुम्हाला आतून सगळ्यात जास्त तेच टोचतं आहे.

त्या बाईने मैदानावर इमारत बांधायला परवानगी दिली नाही. गाड्यांना पुरेशी जागा न सोडता चार मजले चढवायचे, हेही तिने ठरवलं नाही. तिने आपल्या ऐपतीत मिळालं ते घर घेतलं आणि संध्याकाळी दमून आल्यावर जागा दिसली तिथे गाडी लावली. तुमचा राग खरा होता, पण तो ज्यांच्या दारी न्यायचा ते दार गल्लीत नव्हतं, आणि ती समोर सापडली. ‘बाहेरून आलेल्यांनी वाट लावलीत’ हे वाक्य तिला रोज जिना उतरताना ऐकू येत असणार. मला येत असे, आणि मला तर ते कुणी तोंडावर म्हटलंही नव्हतं.

माफी मागा. सगळ्यांदेखत बोललात, तर माफीही अंगणातच मागा, तिला दारात गाठून हळू आवाजात नको. ‘त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं’ एवढंच म्हणा आणि थांबा. पुढे ‘पण गाडी...’ जोडू नका. गाडीचं आठ-दहा दिवसांनी बोला, आणि बोलताना तुमची अडचण नेमकी सांगा: कुठल्या वेळी फाटक उघडावं लागतं, रात्री-अपरात्री यजमानांना न्यायची वेळ आली तर किती जागा लागते. बहुतेक माणसांना हे कळत नसतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ती पहिल्याच दिवशी हसून बोलेल अशी आशा ठेवू नका. मान वळवायची सवय तिलाही लागली आहे.

आणि ओढ्याचा नकाशा काढून झाला की त्याची एक प्रत तिलाही नेऊन द्या. तिची इमारत तुमच्या घरासमोरच आहे, मागचं पाणी उतारावरून तिथवर कधी पोचलं होतं का, आणि पोचलं असेल तर कुठपर्यंत, हे त्या गल्लीत तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? निघताना तिचं नाव विचारा. मलाही पुढच्या पत्रात ते कळवा, मी वाट पाहीन.

तुमची,
सदरलेखिका